लहान राज्यांचा माणूस

राव सारांनी आयुष्यात एकही राज्य जिंकलं नाही आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. संगणकावरचा तो खेळ बाकीची माणसं जग जिंकायला खेळतात. पडद्यावर अख्ख्या पृथ्वीचा जुना नकाशा, त्यावर शेकडो राज्यं, प्रत्येकाचा रंग वेगळा. आपण एक राज्य निवडायचं आणि तीन-चारशे वर्षं ते चालवायचं. पोरं स्पेन घेतात, तुर्कस्तान घेतात आणि आपला रंग नकाशाभर फासत सुटतात. राव सार मात्र दोन हत्तींच्या मध्ये सापडलेलं एखादं चिमुकलं संस्थान शोधायचे, पहिल्याच दिवशी त्याची फौज मोडीत काढायचे आणि मग तो ठिपका शेवटच्या तारखेपर्यंत होता तेवढाच राहावा म्हणून जिवाचं रान करायचे. राहिला, तर त्या दिवशी बायकोला काहीतरी गोड करायला सांगायचे.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. तंजावरकडच्या मराठी घरातले, म्हणून नावाच्या शेवटी राव. आणि चेन्नईच्या रिवाजाप्रमाणे सरांचे झाले सार. इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात इंजिनाच्या व्हॉल्व्हचे भाग बनत. कुठल्या मशीनवर कुठला माल कधी काढायचा हे ठरवणाऱ्या खात्याचे ते प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. कोल्हापूरहून आलेली, तोंडाने फटकळ, तेव्हा तमिळमधलं 'वेण्डाम', म्हणजे 'नको', एवढं सोडून काही न येणारी.

ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये. अड्यारहून कारखाना चांगला दीड तास. मी फोनवर आईशी तावातावाने बोलत होते. फोन ठेवला तसा पुढच्या बाकावरचा, कपाळावर गंध लावलेला गृहस्थ मागे वळला आणि म्हणाला, "तुमची मराठी फार पळते, मा. आमची चालते."

चेन्नईत बाईमाणसाला मायेने 'मा' म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांची मराठी खरोखरच चालायची, तीही तमिळ हेलात, प्रत्येक शब्दाला टेकत. दुसऱ्या दिवशी बघते तर चेहरा पडलेला. विचारलं तर म्हणाले, "रागूसा गेली." मला वाटलं घरातलं कोणी, मावशीबिवशी. मी हळहळले, वय विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "साडेचारशे वर्षं. फार चिवट होती. तुर्काला पण नजराणा, पोपला पण नजराणा. कोणाशी वैर नाही." तेव्हा कळलं की ते युरोपातलं समुद्रकाठचं एक राज्य होतं, आणि राव सार सकाळी बसमध्ये फोनवर बुडालेल्या राज्यांच्या हकिकती वाचत असत. लोक पेपरातलं निधनाचं पान वाचतात त्यातलाच प्रकार.

खेळ फक्त रविवारी. अंघोळ, संध्या, दिवा लागला की शुभ्र वेष्टी नेसून ते संगणकापुढे बसायचे ते जेवणाची पानं मांडेपर्यंत. शेजारी डबऱ्यात, म्हणजे तिकडच्या पसरट पितळी वाटीत, कॉफी. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच मला सांगायच्या, "जा, आंत जा. दुसरी पूजा चाललीय." मूलबाळ नव्हतं. दोघांच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये मी रविवारची कधी जायला लागले आणि कधी तिथली झाले ते कळलं नाही. जेवणाचा मोह होता हे कबूल करते, पण नुसतं जेवण नव्हे. त्या नकाशाने मलाही धरलं होतं.

मला आधी वाटलं होतं बुद्धिबळासारखं काही असेल. कुठलं बुद्धिबळ! खजिना बघा, धान्य बघा, राजाला मुलगा आहे का बघा, नसला तर भाचा कोणाच्या दरबारात वाढतोय ते बघा. एक खिडकी उघडली की आत तीन, त्या तिन्हींत आकडे. आपण काही केलं नाही तरी जग थांबत नाही. कुठे लिस्बनला कोणाचं गलबत बुडतं आणि वीस वर्षांनी तुमच्या मिरीचा भाव पडतो. तिकडे थंडीच्या देशात एक म्हातारा राजा मरतो आणि इकडे तुमचा दोस्त तुमचा उरत नाही. हे सगळं एकमेकांत असं गुंतलेलं की एक धागा ओढला तर कुठली वीण उसवेल सांगता येत नाही. आणि इतकं करून 'तुम्ही जिंकलात' असं तो खेळ कधीच म्हणत नाही. तारीख संपते, खेळ संपतो. राव सार म्हणायचे, "हेंच तर त्याचें सुख. जिंकायला सांगतच नाही कोणी."

त्यांचा एक कडक नियम होता. फसलेला डाव मागच्या तारखेवर नेऊन पुन्हा खेळायचा नाही. बाकी सगळे सर्रास करतात तसं. राव सारांच्या लेखी ते पाप.

एकदा त्यांनी माझ्या हाती माउस दिला. मी दख्खनमधलं एक राज्य घेतलं आणि दोन तासांत खाली समुद्रापर्यंत पोचले. अंगात आलं होतं माझ्या. मग एका कोपऱ्यात बंड, दुसऱ्या कोपऱ्यात बंड, खजिना रिकामा, राजा वेडा. राव सार कॉफी फुंकत शांतपणे म्हणाले, "खाल्लेंस ना? आतां पचव."

मी चिडून विचारलं, "तुम्ही तंजावर का घेत नाही कधी? नकाशात आहे की."

"घरचें मरण कोण पुन्हा पुन्हा पाहील, मा?"

पण तंजावर त्यांच्या हाडात होतं. त्यांचे पूर्वज तिथल्या राजांच्या मुदपाकखान्यात कोठीवर होते. राजाने फौज आणि कारभार कंपनी सरकारला लिहून दिला आणि स्वतः किल्ल्यापुरता राजा राहिला, ही गोष्ट आम्हाला शाळेत लाजेची म्हणून शिकवली गेली. राव सारांच्या घरात ती शहाणपणाची म्हणून सांगितली जायची. शिपायांची घरं बसली, पण स्वयंपाकघर राहिलं, ग्रंथ राहिले, गाणं राहिलं. मी म्हणायची, "आणि पुढे वारस नाही म्हणून तोच किल्लाही नेला ना त्यांनी?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "नेला. पण मध्यें पन्नासावर वर्षं मिळालीं. दोन पिढ्या पोटभर जेवल्या. तुमच्या पेशव्यांनी लढून काय मिळवलें, सांग?"

मी कोल्हापूरची, पेशव्यांची वकिली मी कशाला करू! पण ते उत्तर मला पटायचंही. दोन पिढ्या जेवल्या, हे काही थोडं नाही.

कारखानाही ते तसाच चालवायचे. प्रत्येक खात्याला त्यांनी एकेक देश वाटून दिला होता. खरेदीखातं म्हणजे व्हेनिस, कारण पैशाशिवाय बोलत नाहीत. गुणवत्ताखातं म्हणजे पोप. आमची गिऱ्हाइकं सहा-सात होती, सगळी लहान आणि सगळी किरकिरी. ट्रॅक्टरवाले, जनरेटरवाले, राणीपेटचे पंपवाले. आज ऑर्डर देतील, उद्या निम्मी करतील, परवा तिप्पट मागून फोनवर ओरडतील. राव सार दिवसभर तमिळमध्ये सगळ्यांची समजूत घालत असायचे आणि फोन ठेवला की मला म्हणायचे, "पाहा, हे दोस्त. एकाचा भरवसा नाही."

मग एक मोठी मोटार कंपनी आली. तिचं म्हणणं साधं होतं. तुमची सगळी मशीनं आम्हाला द्या, आमचाच भाग बनवा, जेवढा बनवाल तेवढा आम्ही घेऊ. बाकीची गिऱ्हाइकं सोडा. आमच्या मालकांना मोह पडला, पण भीतीही वाटली. तीनशे माणसांचं पोट त्या मशीनांवर होतं. त्यांनी राव सारांना विचारलं, कारण बाहेरून आलेल्या सल्लागारांपेक्षा त्यांचा राव सारांवर जास्त विश्वास होता.

आणि राव सारांनी काय केलं? ते घरी येऊन खेळायला बसले. हसू नका, मी हसले नाही. लागोपाठ कितीतरी रविवार त्यांनी एकच संस्थान घेतलं. एकदा पाच लहान दोस्तांशी तह करून, एकदा एका बलाढ्य राजाचं मांडलिक होऊन. पाच दोस्तांचा डाव दर वेळी बुडाला. वेळ आली की कोणी ना कोणी हात वर करायचं. मांडलिकाचा डाव दर वेळी शेवटपर्यंत गेला. वर्षाला नजराणा भरायचा, मान खाली घालायची आणि टिकायचं. मी एकदा म्हटलं, "सार, हा खेळ आहे. कारखान्याचं तसं असतं का?" ते म्हणाले, "खेळावरून नाही सांगत, मा. आमच्या घराण्यावरून सांगतों. खेळ नुसती साक्ष."

त्यांनी मालकांना हो सांगितलं.

त्या वर्षीची आयुधपूजा मला अजून दिसते. मशीनं धुऊन पुसून, चंदनाचे पट्टे, झेंडूच्या माळा, पायरीशी कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. कँटीनमध्ये सगळ्यांच्या हातात चुरमुरे आणि केळी. राव सार भाषण करणाऱ्यातले नव्हेत, पण त्या दिवशी बाकावर चढले आणि तमिळमध्ये म्हणाले, आता कोणाच्या नोकरीला धक्का लागणार नाही, मोठं झाड मिळालं आहे, इथून एकही माणूस घरी जाणार नाही, हा माझा शब्द. टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी वाजवली. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

दोन वर्षं खरंच सोन्याची गेली. एकच भाग, एकच गिऱ्हाईक. ओरडणारे फोन बंद झाले. बोनस वेळेवर. मशीनांचे जुने साचे काढून सगळी एकाच मापाला बसवून घेतली. आमच्या खात्याला तर काम असं उरलंच नव्हतं. राव सार दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "ऐक. शांतता." मीही ऐकायची.

एका सकाळी मोठ्या कंपनीने व्हिडिओवर बैठक बोलावली. पडद्यावर एक तरुण, गोड बोलणारा मुलगा होता. त्याने सांगितलं की त्यांच्या नव्या गाड्या विजेवर चालणार. त्या गाडीला व्हॉल्व्ह नसतो. जुन्या इंजिनासाठी जे थोडं लागेल ते ते स्वतःच्या कारखान्यात काढतील. आमच्याशी असलेल्या नात्याची त्यांना फार किंमत आहे, असंही तो म्हणाला.

राव सारांनी विचारलं, "आमची काही चूक झाली का?"

"छे छे सार. तुमचा माल सगळ्यांत उत्तम."

बैठक संपली. पडदा काळा झाला तरी राव सार त्याकडे बघत राहिले. मग मला मराठीत म्हणाले, कारण खोलीत ते दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं, "खेळांत असें नसतें, मा. तिथें मोठा लहानाला खातो. सोडून नाही देत."

मला त्यांच्या म्हणण्याचा राग आला. तीनशे माणसं बुडायला निघालीत आणि याला खेळ सुचतोय, असं वाटलं. पण मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. ते टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

पुढचे महिने ते दारोदार हिंडले. राणीपेटला, कोइंबतूरला, होसूरला. ट्रॅक्टरवाल्यांना दुसरा पुरवठादार मिळाला होता. पंपवाले चहा पाजून म्हणाले, "सार, तेव्हा आम्ही फोन करायचो तर तुम्ही उचलत नव्हता." ज्यांनी नाही म्हटलं नाही, त्यांचा माल आमच्या मशीनांना जमत नव्हता, आणि मशीनं परत बदलायला मालकांकडे बळ राहिलं नव्हतं. दर वेळी ते परत आले की मी डोळ्यांनीच विचारायची आणि ते मान हलवायचे.

शेवटी कारखाना बंद करायचं ठरलं, आणि तो बंद कसा करायचा याचं नियोजन कोण करणार? राव सारच. कुठली ओळ कुठल्या आठवड्यात थांबवायची, कुठल्या माणसांना आधी सोडायचं, शिल्लक माल कधी संपवायचा. इतकी बिनचूक आखणी त्यांनी चालत्या कारखान्याची कधी केली नसेल. एक मशीन एक तास फुकट उभं राहिलं नाही.

माणसं हिशेब घेऊन निघताना त्यांच्या टेबलाशी येऊन नमस्कार करून जात. कोणी शिवी दिली नाही, कोणी बाकावरच्या शब्दाची आठवण काढली नाही. कोणीतरी काढायला हवी होती असं मला फार वाटायचं. राव सार प्रत्येकाला उठून उभे राहून नमस्कार करायचे. संध्याकाळपर्यंत त्यांचे गुडघे दुखायचे.

मला ओरगडमला दुसरी नोकरी लागली. राव सारांचं वय निवृत्तीला टेकलेलं, ते घरी बसले. काही महिने मी गेले नाही. माझ्याच्याने जाववेना. मग मामींचा फोन आला, "ये ग एकदा. आतां रोज बसतात. सकाळीं उठून तसेच. वेष्टीचें पण भान नाही."

गेले तेव्हा दुपार होती. राव सार बनियनवर, दाढी वाढलेली. पडद्यावर नकाशाचा तिसरा हिस्सा एकाच गडद हिरव्या रंगाने भरला होता. मी आजवर त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"हे तुमचं?"

"माझें. सगळ्यांत मोठें घेतलें ह्या खेपेस." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "म्हटलें, तिकडून कसें दिसतें तें पाहूं."

"मग, कसं दिसतं?"

त्यांनी उत्तरेकडच्या डोंगरांवर बोट ठेवलं. "इथें एक लहान होतें. मला नजराणा द्यायचें. इमानी. कधी चुकलें नाही. काल पाहतों तर नाही. कोणीं घेतलें, केव्हां घेतलें, मला माहीत नाही. मदत मागायला निरोप आला असेल. मला असे शंभर निरोप येतात, मा. एक बटण दाबलें कीं अस्के पुसले जातात, एकूण एक." मग माउस सोडून म्हणाले, "म्हणजे हें पण होतें ह्या खेळांत. मीं ह्या खुर्चींत कधी बसलोंच नव्हतों."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचं काही चुकलं नाही असं सांगणं खोटं होतं, आणि चुकलं असं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. मला नुसतं रडू येत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. मामींनी दार उघडलं. चाळिशीचा एक काळासावळा माणूस, हातात हेल्मेट, अंगात जेवण पोचवणाऱ्यांचा टीशर्ट. तो आमच्या कारखान्यातला. जवळच कोणाचा तरी डबा द्यायला आला होता, म्हणून वर डोकावला होता. राव सार धडपडत उठले, अंगात शर्ट घातला, त्याला खुर्ची दिली. मामींनी कॉफी आणली. तो खुर्चीच्या टोकावर बसला. तमिळमध्ये म्हणाला, बरं चाललंय सार, पाठ दुखते तेवढी, दिवसभर गाडीवर. मुलगी अकरावीला आहे. कुठे मशीनवर जागा असली तर सांगा सार, पगार कमी चालेल, सवय सुटेल हो हाताची.

"सांगतो," राव सार म्हणाले. "नक्की सांगतो. तुला विसरेन का मी?"

त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की मला तिकडे बघवेना. फोनवर पुढची ऑर्डर आली, तसा तो हात जोडून धावतच जिना उतरून गेला.

राव सार दार धरून उभे होते. जिन्यावरचा आवाज थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्याचें नांव काय, ग?"

मी आठवून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. नाव काही सापडलं नाही. तो कुठल्या मशीनवर होता, त्या मशीनचा नंबर मात्र दोघांनाही पाठ होता.